लक्षांतलं टिंब

गेल्या अठ्ठावीस वर्षांत माझ्या टेबलावर किती अनुस्वार मेले, याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. मी प्रुफं तपासते. कार्डावर ‘मुद्रितशोधक’ असं छापून घेतलं होतं, पण ते वाचून लोकांना छापखान्यात काहीतरी हरवलंय असं वाटायचं, म्हणून हल्ली ‘प्रुफं तपासते’ एवढंच सांगते. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची असली की सूचना एका ओळीची असते: शुद्धलेखन आजचं करून घ्या. आजचं म्हणजे १९६२च्या नियमांनंतरचं. त्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार घालवले. मग मी लाल पेन घेऊन बसते. ‘नाहीं’वरचं टिंब उडव, ‘कां’वरचं उडव, ‘घरांत’चं उडव. ‘केलें’पाशी मात्र हात थबकतो. टिंब असतं तेव्हा तिथे एकच काम केलेलं असतं. टिंब गेलं की ‘केले’ होतं आणि पुष्कळ उद्योग केल्यासारखं दिसतं.

मागच्या पावसाळ्यात रद्दीच्या दुकानात एक पुस्तक हाती लागलं. पुठ्ठा सुटलेला, शिवण निघालेली, सुरुवातीची आठ पानं गायब. पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर नाव होतं: ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आणि ‘क्षां’वर टिंब.

हे पुस्तक मी सतराव्या वर्षी दोन रात्रींत वाचलं होतं, गादीवर पालथी पडून. तेव्हाचं आठवतं ते फक्त रडणं. नंतर आयुष्यभर ते लिहिणाऱ्या हरिभाऊ आपट्यांविषयी एक सोयीची श्रद्धा बाळगली. मराठी कादंबरीचे जनक वगैरे वाक्यं मी इतक्या लेखांत तपासली आहेत की ती डोळ्यांखालून घरंगळत जातात. पण ‘लक्षांत’वरचं ते टिंब पाहिलं आणि पहिल्यांदाच शब्द फोडून वाचला: लक्षाच्या आंत. कोण घेतो आंत? उंबऱ्याबाहेर कुणीतरी उभं आहे आणि दार कोण उघडणार असं विचारतंय, असं काहीतरी वाटलं. आणि ‘घेतं’ नाही, ‘घेतो’. त्या काळी ‘कोण’ला सर्रास पुल्लिंगी क्रियापद लागायचं हे मलाही ठाऊक आहे. तरीही अख्खं पुस्तक एका मुलीच्या तोंडून सांगितलेलं असताना नावातला ‘घेतो’ मला आता साधा वाटत नाही. ज्यानं लक्षात घ्यायला हवं होतं, तो ‘तो’च होता.

पुस्तक चाळीस रुपयांना मिळालं. दुकानदार साठ म्हणत होता. आठ पानं नाहीत म्हटल्यावर उतरला.

माझी आत्या मिरजेला असते. ८४ वर्षांची. डोळे दोन वर्षांपासून गेल्यातच जमा, कान मात्र माझ्याहून तिखट. तिच्याशी फोनवर बोलताना मी सहज या पुस्तकाचं सांगितलं तर म्हणाली, “मग वाच की मला. तसंही तू फोनवर काय बोलतेस? जेवलीस का आणि गोळी घेतलीस का.” त्या शनिवारपासून आमचं सुरू झालं. सकाळी दहाला फोन, एक प्रकरण, फार रंगलं तर दोन. हरवलेल्या पानांचा मजकूर मोबाइलवर स्कॅन केलेली प्रत शोधून वाचला. हरिभाऊंना जाऊन शंभर वर्षं उलटली, त्यामुळे त्यांची पुस्तकं आता सगळ्यांचीच आहेत.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट ध्यानात आली. एका दमात वाचताना जो पाल्हाळ नकोसा होतो, तो आठवड्याला एक घास घेताना खुपत नाही. मागचं थोडं पुन्हा सांगणं, मध्येच थांबून वाचणाऱ्याशी बोलणं, प्रकरण एखाद्या चाहुलीवर तोडणं, हे सगळं आठवड्याच्या मापानं शिवलेलं आहे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ पुस्तक म्हणून आलं १८९३ मध्ये. त्याआधी १८९० पासून ती ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. साप्ताहिक हरिभाऊंनी स्वतःच काढलेलं, आणि ते त्यांनी पंचवीसहून जास्त वर्षं चालवलं. तीन वर्षं लोक यमूची, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलीची, वाट बघत होते. हे वाक्य मी पूर्वी कुठल्यातरी प्रस्तावनेत तपासलं असेल, पण वाट बघणं म्हणजे काय ते आत्यामुळे कळलं. एका बुधवारी तिचा फोन आला, “त्या दुर्गीच्या नवऱ्याचं काय झालं गं पुढे? आज सांगून टाक.” मी नाही सांगितलं. संपादकाची सत्ता कशी असते ते त्या दिवशी चाखून बघितलं.

‘करमणूक’ हे नावही विचार करण्याजोगं आहे. पुण्यात त्या वेळी ‘केसरी’ गरजत होता, ‘सुधारक’ १८८८ पासून आसूड ओढत होता. या दोघांच्या गावात २६ वर्षांचा एक माणूस करमणूक या नावाचं पत्र काढतो, आणि त्यात घरातल्या बायकापोरांना वाचता येईल असं काही देऊ बघतो. वाचता येईल म्हणजे वाचून दाखवता येईल असंही. कारण घरातल्या किती जणींना तेव्हा अक्षरओळख होती? एखाद्या वाड्यात कुणी मुलगा किंवा नवी शिकलेली सून मोठ्यानं वाचत असेल आणि बाकीच्या शेंगा सोलत, वाती वळत ऐकत असतील. मिरजेला आत्याही ऐकताना लसूण सोलते. फोन स्पीकरवर असतो आणि मला टरफलांचा आवाज येतो.

हरिभाऊंचा जन्म पारोळ्याचा, ८ मार्च १८६४. धुळ्याहून जळगावला जाताना हे गाव लागतं. चार वर्षांपूर्वी एका लग्नाला जाताना आमची गाडी तिथे चहाला थांबली होती. मी उत्साहानं टपरीवाल्याला विचारलं, इथे हरिभाऊ आपट्यांचं काही आहे का? त्यानं चहा गाळता गाळता विचारलं, “काय करतात ते?” मी म्हटलं, लिहायचे. त्यानं गाळणी आपटली आणि शेजाऱ्याला विचारलं, शेजाऱ्यानं मला किल्ल्याकडे बोट दाखवलं. पारोळ्याचा भुईकोट आणि झाशीच्या राणीचं नेवाळकर घराणं, एवढी या गावाची ओळख पक्की आहे. मला वाईट वाटलं नाही. हरिभाऊ पारोळ्यात जन्मले तरी वाढले दुसरीकडेच.

लहानपणीच आई गेली. ते काकांकडे वाढले, आधी मुंबईत, मग पुण्यात. काका महादेव चिमणाजी आपटे, नामांकित वकील. वकिलीतून मिळालेला पैसा त्यांनी संस्कृत पोथ्यांत घातला आणि आनंदाश्रम ही संस्था उभी केली. अप्पा बळवंत चौकाजवळची ही वास्तू. शाळेची पुस्तकं घ्यायला त्या चौकात न गेलेला पुणेकर सापडायचा नाही. मीही दर जूनमध्ये बाबांचा हात धरून तिथून गेले आहे, पण आत डोकावले ते नोकरीला लागल्यावर. पोथ्या मिळवायच्या, पाठभेद ताडून बघायचे, शुद्ध प्रत छापायची, हे तिथलं काम. हा सगळा कारभार हरिभाऊंनी शेवटपर्यंत पाहिला.

एक प्रुफं तपासणारी बाई म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. दिवसभर एकीकडे वेदान्त आणि धर्मशास्त्राच्या पोथ्यांचा संसार, आणि त्याच जागी बसून विधवा झालेल्या यमूच्या डोक्यावर वस्तरा कसा आला त्याची गोष्ट लिहायची. यमूच्या घरचे वडीलधारे ज्या शास्त्राचा हवाला देत होते, ते शास्त्र हा माणूस शेजारच्या खोलीत छापून घेत होता. त्यांना शास्त्र ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

गुरू तर कसले मिळाले! न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर, टिळक हे तिघंही शिकवायला. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री गेले तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी ‘शिष्यजनविलाप’ नावाचं ८८ श्लोकांचं शोककाव्य लिहिलं. पुढे आगरकरांनी हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, तर या पोरानं त्यावर ७२ पानी टीका लिहिली. एका गुरूसाठी ८८ श्लोक आणि दुसऱ्याच्या भाषांतरावर ७२ पानं! गणितानं मात्र दगा दिला आणि पदवी राहून गेली. पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ची, रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीवरून बेतलेली. ती मी अर्ध्यावर सोडली. ज्याला ती पूर्ण करायची असेल त्यानं खुशाल करावी.

त्याआधी मराठीत कादंबऱ्या नव्हत्या असं नाही. ‘मुक्तामाला’ होती, ‘मंजुघोषा’ होती. त्यांत राजपुत्र होते, उपवनं होती, योगायोगांची रेलचेल होती. हरिभाऊंनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना उपनाव दिलं ‘आजकालच्या गोष्टी’. आजकालच्या! बाजीराव रस्त्याच्या आसपास आजही जिथे कपड्यांच्या दांड्या दिसतात अशा घरांतल्या. मी नावं सुचवायच्या बैठकांना बसले आहे. ‘आजकालच्या गोष्टी’ असं कुणी सुचवलं असतं तर लोकांनी फार साधं वाटतं म्हणून टाकून दिलं असतं.

यमूविषयी किती सांगू? मुलगी लहान आहे, दादावर जीव आहे, आई जाते, सावत्र आई येते, लग्न होतं. नवरा रघुनाथराव चांगला निघतो आणि इथेच हरिभाऊंची खरी हुशारी आहे. नवरा वाईट दाखवला असता तर सगळं पाप त्याच्या माथी मारून वाचणारे मोकळे झाले असते. वाईट नवरा यमूच्या मैत्रिणीच्या, दुर्गीच्या वाट्याला दिलाय. यमूला माया करणारा, तिला वाचायला प्रोत्साहन देणारा, मुंबईत मोकळा संसार मांडणारा नवरा दिला, आणि मग तो मेला. म्हणजे नशीब चांगलं असलं तरी या व्यवस्थेत बाईच्या सुखाला एका माणसाच्या श्वासाएवढाच आधार, हे वाचणाऱ्याला कुठेही पळ काढू न देता दाखवलं.

आत्याला मुंबईची प्रकरणं सगळ्यांत आवडली. नवराबायकोच्या त्या साध्यासुध्या बोलण्यावर ती खुदुखुदु हसायची. मला मात्र त्या महिन्यात वाचताना घसा कोरडा पडायचा, कारण पुढचं मला ठाऊक होतं. एकदा तर मी मुद्दाम खोकल्याचं निमित्त करून एक शनिवार बुडवला. रघुनाथरावाला आठवडाभर जास्त जगवला, दुसरं काय.

आणि भाषा. हरिभाऊ पुरुष, शिकलेले, संस्कृताच्या पोथ्यांत वावरणारे. पण यमू बोलते ती माजघरातली भाषा. वाक्य मध्येच वळतं, आठवण आठवणीला लागून येते, राग आला की शब्द आखडते घेते. हे त्यांनी कुठे ऐकलं असेल? मला वाटतं ज्या घरात आई नसते, तिथलं मूल घरातल्या सगळ्या बायांचं बोलणं जास्त कान देऊन ऐकतं. हा माझा तर्क आहे, याला पुरावा नाही.

यमूच्या आधीही मराठीत एक यमुना होऊन गेली होती, हे मला आवर्जून सांगायचंय. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाणारी. तीही विधवांच्या हालांवर. तिथली यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दशा बघते, स्वतः विधवा होते, शेवटी ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. तिला बाहेर पडायला वाट आहे. आपट्यांच्या यमूला ती नाही. हरिभाऊंनी नाव जाणून घेतलं की योगायोगानं आलं हे मी ठरवणारी कोण? पण छत्तीस वर्षांच्या अंतरानं दोन यमुना मराठीत उभ्या आहेत आणि दुसरी जिथे जन्मली त्या घरातून हलू शकत नाही.

केशवपनाचं प्रकरण आलं त्या शनिवारी मी आत्याला आधी विचारलं, वाचू ना? ती म्हणाली, “वाच. मला काय लहान समजतेस?” मी वाचलं. सासरचे शंकरमामंजी, तो ढोंगी म्हातारा, यमूच्या मनाविरुद्ध घडवून आणलेला तो प्रकार, सगळं. प्रकरण संपलं तरी पलीकडून टरफलांचा आवाज नव्हता. मी “आत्या” म्हटलं. मग ती बोलू लागली, आणि तिनं जे सांगितलं ते मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

तिचं लग्न झालं तेव्हा सासरी तिच्या सासूबाईंची एक आत्या होती. आलवण, म्हणजे विधवांचं लाल लुगडं, नेसलेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. न्हावी यायचा तो मागच्या दारी, विहिरीकडच्या अंगाला. सासूबाई माझ्या आत्याला हाक मारून सांगायच्या, एक वाटी पाणी नेऊन ठेव. “पितळेची वाटी, काठाला पोचा होता. मी वाटी ठेवायचे आणि मागे न बघता यायचे. ती वाटी मग स्वयंपाकात घ्यायची नाही, ती तिथेच कोनाड्यात. मला त्यात काही वाटायचं नाही गं. वीस वर्षांची होते. मला वाटायचं, वाटी तेवढी वेगळी ठेवायची असते.” थोडं थांबून म्हणाली, “त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. सगळे माई म्हणायचे.”

हे १९६० नंतरचं. कादंबरी १८९३ची.

आणि १८९० मध्ये, म्हणजे यमूची गोष्ट छापायला सुरुवात झाली त्याच वर्षी, मुंबईत सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनाच ते लाजिरवाणं वाटलं. त्याच सुमाराला पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्याला आलं होतं. तिथे शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं ते १८९३ साली, यमूचं पुस्तक निघालं त्याच वर्षी. मध्ये १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारावर गेलं आणि एवढ्यासाठी पुणं पेटलं. हरिभाऊंचे दोन गुरू, टिळक आणि आगरकर, त्या वादात समोरासमोर उभे होते. त्या धुमश्चक्रीत हा माणूस दर आठवड्याला एक प्रकरण देत राहिला. त्यात कायद्याची चर्चा नाही, फक्त मुलगी आहे.

आता त्यांचे दोषही मोजते, नाहीतर भक्तीला अर्थ नाही. शंकरमामंजी इतका काळा आहे की तो माणूस न राहता बुजगावणं होतो. चांगली माणसं इतकी चांगली की त्यांना एकदा तरी चिडलेलं बघावंसं वाटतं. आणि जग केवढं? पांढरपेशांचं, पेठांतलं. ज्या पुण्यात हरिभाऊ लिहीत होते त्याच पुण्यात जोतीराव फुले नोव्हेंबर १८९० मध्ये वारले. विधवांच्या मुलांसाठी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा हरिभाऊ जन्मायचे होते. ते पुणं या कादंबऱ्यांत जवळजवळ येतच नाही. एकदा मात्र हरिभाऊ पेठ ओलांडून गेले, ‘काळ तर मोठा कठीण आला’ या दुष्काळावरच्या कथेत. भुकेनं एक घर कसं सुटतं जातं ते त्यांनी काही न सजवता लिहिलंय. मला ती कथा त्यांच्या निम्म्या ऐतिहासिक कादंबऱ्यांहून मोलाची वाटते.

ऐतिहासिक कादंबऱ्यांवर मी फार थांबणार नाही. ‘उषःकाल’मधला सावळ्या मला आवडतो, ‘वज्राघात’मधलं विजयनगरचं बुडणं अजून अंगावर येतं. ‘गड आला पण सिंह गेला’ हे तर पुस्तकाचं नाव आहे हेच लोक विसरलेत, इतकं ते बोलण्यात मुरलं. कोंढाण्याला सिंहगड हे नाव तानाजी पडण्याच्या आधीपासून होतं याचे कागद इतिहासकारांनी दाखवले, तरी शाळेच्या सहलीला गडावर गेलेल्या पोरांना विचारा, उत्तर हरिभाऊंचंच मिळतं. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला तोही याच कादंबरीवरून.

सिनेमावरून आठवलं. एका स्मरणिकेत ‘कुंकू’ हा चित्रपट हरि नारायण आपट्यांच्या, म्हणजे हरिभाऊंच्या, कादंबरीवरचा, असं छापून गेलं. प्रुफं मी तपासली होती. ते आपटे वेगळे, नारायण हरि आपटे. नाव उलटं, माणूस दुसरा, पिढी पुढची. ‘आपटे’चा ‘ट’ नीट आहे ना हे मी तीनदा बघितलं आणि माणूसच बदलला ते सुटलं. अंक वाटून झाल्यावर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. मी ते अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

हरिभाऊंच्या अपुऱ्या कादंबऱ्यांचं मात्र मला विलक्षण वाटतं. ‘गणपतराव’ अपुरी. ‘कर्मयोग’ अपुरी. ‘कालकूट’ अपुरी. ‘आजच’ नावाची कादंबरी उद्यावर राहिली. ‘उषःकाल’ झाला, ‘सूर्योदय’ झाला, पण ‘सूर्यग्रहण’ लागलं ते सुटलंच नाही. टीकाकार याला शिस्तीचा अभाव म्हणतात. मी तीस-तीस पानांच्या मजकुरासाठी प्रेसचा माणूस दारात उभा असलेला पाहिला आहे, त्यामुळे मला वेगळं दिसतं. आठवड्याचं पत्र, त्यातला बराचसा मजकूर स्वतःच लिहायचा, आनंदाश्रमाचे हिशेब, नगरपालिका. तिथे ते अध्यक्षही झाले. १८९७ला प्लेग आला तेव्हा गाव रिकामं होत होतं आणि हे मदतीच्या कामात. मोलिएरची नाटकं मराठीत आणली, टागोरांची गीतांजली आणली, १९१२ला अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठात मराठी भाषेवर व्याख्यानं. मध्येच मित्राचं काम. केशवसुत १९०५ मध्ये गेले, आणि त्यांच्या कविता पुस्तकात गोळा होऊन लोकांच्या हाती पडल्या त्या हरिभाऊंमुळे. स्वतःची कादंबरी अर्धी आणि मित्राचा संग्रह पुरा. असा माणूस मला शिस्तीच्या माणसापेक्षा जास्त आवडतो.

गोखल्यांशीही त्यांची दाट मैत्री होती. ‘मी’ या कादंबरीचा नायक भावानंद घरदार सोडून देशकार्याला वाहून घेतो. ती कादंबरी १८९५ मध्ये संपली, आणि दहा वर्षांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. आधी कुणी कुणाच्या मनात काय पेरलं हे कोण सांगणार? दोन मित्र संध्याकाळी फिरायला जात असतील तर पुस्तक आणि संस्था या दोन्हींची सुरुवात बोलण्यातच झालेली असते.

३ मार्च १९१९ला हरिभाऊ गेले. पंचावन्नाव्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी होते. मी यंदा चोपन्न पुरी केली, म्हणून हा हिशेब केला.

यमूची गोष्ट आमची संपली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. शेवटचं प्रकरण वाचलं तो दिवस पावसाचा होता, फोन मध्ये मध्ये तुटत होता, त्यामुळे यमूचं मरण आत्याला तीन तुकड्यांत ऐकावं लागलं. संपल्यावर मला वाटलं ती पुन्हा माईंविषयी काही बोलेल. ती म्हणाली, “लिहिणाऱ्यानं तिला जगवायला हवं होतं.” मी म्हटलं, मग लोकांनी लक्षात घेतलं असतं का? “लोकांचं राहू दे,” ती म्हणाली, “मी माझ्यापुरतं सांगतेय.”

त्याच आठवड्यात एका प्रकाशकाकडून गठ्ठा आला. हरिभाऊंच्या स्फुट गोष्टींची नवी आवृत्ती काढायची आहे. वर पिवळी चिठ्ठी: शुद्धलेखन आजचं. पहिल्याच पानावर सतरा टिंबं होती. मी ती मोजली, मग उडवली. वाचणाऱ्या पोरांना अडखळायला नको, हे मलाही पटतं. फक्त दोन ठिकाणी ‘केलें’पाशी समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. संपादक विचारतील तेव्हा बघू.

आत्याला मी सांगितलं, पुढची ‘मी’ घेऊ. तिचा पहिला प्रश्न, “कोण मरतं त्यात?” मी म्हटलं, आधीच कसं सांगू. ती थोडी कुरकुरली. मग म्हणाली, “बरं, पण पुढच्या शनिवारी दहाला नको, साडेनवाला कर. दहाला इकडे लाइट जाते आणि मला लसूण दिसत नाही. म्हणजे तसाही दिसत नाही, पण उजेड असला की बरं वाटतं.”